इंग्लंडमध्ये आईवडिलांना घेऊन जेवायला जाण्याजोगा गॅस्ट्रोपब कसा निवडावा

महाराष्ट्रात रस्त्याकडेच्या हॉटेलांवर ‘परमिट रूम’ आणि ‘फॅमिली रूम’ अशा दोन वेगळ्या पाट्या असतात आणि त्या दोन खोल्यांमध्ये निदान एक लाकडी फळी तरी उभी असते. माझ्या आईचे सारे आयुष्य त्या फळीच्या अलीकडे गेले. त्यामुळे लंडनच्या पश्चिमेकडील आमच्या उपनगरात ती पहिल्यांदा राहायला आली आणि ‘रविवारी आपण सगळे कोपऱ्यावरच्या पबमध्ये जेवायला जाऊ’ असे मी सुचवले, तेव्हा तिने शांतपणे विचारले, “म्हणजे गुत्त्यातच ना?” तिचा प्रश्न चुकीचा नव्हता. इंग्लंडमधल्या पबला ती मधली फळी नसते. एका टेबलावर बीअर पिणारे चौघे, शेजारी दुपट्यातले बाळ आणि त्यापलीकडे सूप पीत बसलेल्या आजीबाई, असे दृश्य इथे नेहमीचे आहे. मात्र प्रत्येक पब आपल्या कुटुंबाला सोयीचा असतोच असे नाही, आणि निवड चुकली तर सगळ्यांची संध्याकाळ वाया जाते. इथे स्थायिक झालेल्या आणि उन्हाळ्यात आईवडिलांना बोलावणाऱ्या मराठी कुटुंबांना उपयोग व्हावा, म्हणून चुकत-चुकत शिकलेल्या गोष्टी इथे लिहीत आहे.

गॅस्ट्रोपब म्हणजे स्वयंपाकाला मद्याइतकेच महत्त्व देणारा पब. पूर्वी बहुतेक पबमध्ये खायला मिळायचे ते वेफर्स, सँडविच, फार तर गरम केलेला ‘पाय’, म्हणजे पिठाच्या पारीत सारण भरून भाजलेला पदार्थ. बीअर गाळणाऱ्या बड्या कंपन्यांच्या मालकीचे पब किती असावेत यावर १९८९ साली सरकारने मर्यादा घातली आणि हजारो पब नव्या हातांत जाऊ लागले. १९९१ साली लंडनच्या फॅरिंग्डन रोडवरचा ‘द ईगल’ हा पब मायकेल बेलबेन आणि डेव्हिड आयर यांनी चालवायला घेतला, काउंटरमागेच उघडे स्वयंपाकघर थाटले आणि त्या दिवशीचे पदार्थ फळ्यावर खडूने लिहायला सुरुवात केली. ‘गॅस्ट्रोपब’ हा शब्द तिथूनच रूढ झाला. पुढे हा शब्द इतका सैल झाला की भिंतींना करडा रंग देऊन बर्गर लाकडी पाटावर वाढणारा कोणताही पब स्वतःला गॅस्ट्रोपब म्हणवून घेऊ लागला. त्यामुळे पाटीवरच्या शब्दावर विसंबू नये.

माझ्या मते निवडीचा नियम एकच आहे. कुटुंबात ज्या व्यक्तीचे जेवण सर्वांत अडचणीचे असेल, तिच्या नजरेने पब पाहावा. आमच्याकडे ती व्यक्ती आई आहे. ती अंडेही खात नाही, तिचे गुडघे दुखतात, आणि कुत्रा टेबलाजवळ आला की तिचा घास घशाखाली उतरत नाही. तिची सोय झाली तर बाकीच्यांची आपोआप होते. माझ्या सहा वर्षांच्या मुलाला चिप्स मिळाल्या की त्याचे काहीच म्हणणे नसते.

सर्वप्रथम घड्याळ पाहावे, कारण आपले जेवणाचे वेळापत्रक आणि पबच्या स्वयंपाकघराचे वेळापत्रक यांचे सहसा जुळत नाही. पब रात्री अकरापर्यंत उघडा असला तरी स्वयंपाकघर दुपारी अडीच-तीनला बंद होऊन सहाच्या सुमारास पुन्हा सुरू होते आणि रात्री नऊ-साडेनऊला शेवटची ऑर्डर घेते. सोमवारी अनेक ठिकाणी चूल पेटतच नाही. रविवारी तर दुपारभर रोस्टचे, म्हणजे भाजलेल्या मांसाचे, जेवण वाढून स्वयंपाकी संध्याकाळी लवकर घरी जातात. आमच्या पहिल्या फेरीत आम्ही रविवारी साडेसात वाजता सहाजण नटूनथटून पोहोचलो, तेव्हा स्वयंपाकघर बंद होऊन अडीच तास झाले होते. त्या रात्री घरी येऊन पिठले-भात खाल्ला. आईने तो फारच आनंदाने केला, हे नमूद करणे भाग आहे. संकेतस्थळावर पबची वेळ आणि जेवणाची वेळ वेगवेगळी दिलेली असते. त्यांतली दुसरी वाचावी, आणि घरातल्या मोठ्यांना साडेआठला जेवायची सवय असली तरी टेबल सातचे राखावे.

मुलांच्या बाबतीत कायदा समजून घेतलेला बरा. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००३ च्या परवाना कायद्यानुसार सोळा वर्षांखालील मुलांना प्रौढ व्यक्तीबरोबर पबमध्ये जाता येते. तथापि प्रत्येक पब स्वतःचा नियम अधिक कडक करू शकतो, आणि रात्री आठ किंवा नऊनंतर मुलांना बसू न देणारे पब बरेच आहेत. टेबल राखतानाच मुलांची वये सांगितली की नंतर अवघडलेपण येत नाही. मद्य विकत घेण्याचे वय अठरा आहे. जेवणाबरोबर सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला मोठ्यांनी बीअर किंवा वाइन घेऊन देण्यास कायद्याची हरकत नाही, परंतु मालकाची असू शकते. आणखी एक सावधगिरी भारतातून नुकत्याच आलेल्यांसाठी आहे. इथे ‘सायडर’ म्हणजे सफरचंदाचा रस नव्हे, ते बीअरइतकेच मद्य असते. मुलांसाठी सफरचंदाचा रस हवा असेल तर ‘ॲपल जूस’ असेच म्हणावे. ज्येष्ठांना लिंबू-सोडा किंवा एल्डरफ्लावरचे सरबत बहुधा आवडते, आणि साधे पाणी मागितल्यास ते फुकट देणे परवानाधारक पबवर बंधनकारक आहे.

आता जेवणाच्या यादीकडे वळू. शाकाहारी कुटुंबाची फसगत होते ती इथेच, आणि तीही पबच्या लबाडीमुळे क्वचितच होते. शब्दाचे अर्थ दोन्हीकडे निराळे असतात एवढेच. ब्रिटनमध्ये पदार्थापुढे ‘व्ही’ लिहिलेले असले तर त्यात मांस-मासे नाहीत इतकेच समजावे. अंडे असू शकते आणि पुष्कळदा असतेच. अंडे टाळायचे असेल तर ‘व्हीगन’ अशी खूण शोधावी. त्यात दूध-लोणीही नसते, ही किंमत मोजावी लागते, पण निदान शंका उरत नाही.

रविवारचा रोस्ट हा इथला सणासुदीचा बेत म्हणावा असा प्रकार आहे आणि पाहुण्यांना तो दाखवावासा वाटणे स्वाभाविक आहे. त्या ताटात मांसाच्या जागी सुकामेव्याचा नट रोस्ट मिळतो, परंतु तो बांधण्यासाठी अनेकदा अंडे वापरलेले असते. शेजारचे यॉर्कशर पुडिंग गोड नसते, ती पीठ-अंड्याची भाजलेली वाटी असते, आणि ती अंड्याशिवाय होतच नाही असे पारंपरिक आचारी मानतात. भाजलेले बटाटे बाहेरून इतके खुसखुशीत का लागतात याचे उत्तर पुष्कळदा हंसाची किंवा गाईची चरबी असे असते, आणि वरून ओतलेली ग्रेव्ही मांसाच्या रसातून केलेली असते. चिप्सचेही तसेच आहे. विशेषतः उत्तर इंग्लंडमध्ये त्या गाईच्या चरबीत तळण्याची जुनी पद्धत अजून टिकून आहे, आणि दक्षिणेत वनस्पती तेल असले तरी त्याच कढईत मासे तळलेले असू शकतात. रिसोटो या इटालियन भातावरचे पार्मेजान चीज वासराच्या जठरातील, दूध फाडणारे रेनेट वापरून केलेले असते. सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये आणि वूस्टर सॉसमध्ये अँकोव्ही मासा असतो. शेवटी येणाऱ्या पन्ना कोटा या गोड पदार्थात प्राण्यांच्या हाडां-कातड्यांपासून केलेले जिलेटिन असते. हे सारे वाचून घाबरून जाण्याचे कारण नाही. चांगल्या पबमध्ये यातल्या प्रत्येक गोष्टीला पर्याय निघतो, मात्र तो आधी विचारावा लागतो.

विचारताना एक बारकावा ध्यानात ठेवावा. कायद्याने ठरवलेल्या चौदा ॲलर्जीकारक घटकांची माहिती देणे प्रत्येक उपाहारगृहावर बंधनकारक आहे. त्या यादीत अंडे, दूध, मासे आहेत, अगदी मोहरीसुद्धा आहे. पण मांस, चरबी आणि जिलेटिन नाहीत. म्हणजे वेटरने ॲलर्जीचा तक्ता आणून दाखवला, तर अंड्याचा निकाल त्यावरून लागतो, गाईच्या चरबीचा लागत नाही. त्यासाठी स्वयंपाकघरालाच विचारावे लागते. मी दुपारी तीन ते पाचच्या दरम्यान फोन करतो, कारण तेव्हा आचाऱ्याला बोलायला उसंत असते. ‘शाकाहारी काय मिळेल?’ असा ढोबळ प्रश्न विचारला की ‘पुष्कळ काही’ असे ढोबळ उत्तर मिळते. त्याऐवजी चिप्स कशात तळता, बटाटे कोणत्या चरबीत भाजता, शाकाहारी ग्रेव्ही वेगळी असते का, आणि बिनअंड्याचे गोड काय आहे, असे चार नेमके प्रश्न विचारावेत. फोनवरचा माणूस ‘थांबा, आत विचारून येतो’ म्हणाला, तर तो पब माझ्या लेखी निम्मा पास झाला. न विचारता ‘हो हो, चालेल’ म्हणणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही.

जेवणाचा दर्जा घरबसल्या ओळखायचा झाला तर यादीची लांबी पाहावी. एका पानात मावणारी, तारीख घातलेली, ऋतूप्रमाणे बदलणारी यादी असेल तर आत कोणीतरी खरोखर भाजी चिरते आहे असे समजावे. वसंतात शतावरीचे कोंब आणि शरदात भोपळा दिसला की बरे वाटते. याउलट पिझ्झापासून थाई करीपर्यंत चाळीस पदार्थ आणि त्यांचे चकचकीत फोटो असतील, तर गोठवलेल्या पाकिटांची शक्यता अधिक. पबची साखळी मोठ्या कंपनीची आहे म्हणून मात्र तो नाकारू नये. अशा ठिकाणी घटकांची माहिती उलट अधिक पद्धतशीर लिहिलेली आढळते. स्वच्छतेसाठी फूड स्टँडर्ड्स एजन्सी या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर शून्य ते पाच गुण पाहता येतात. वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये ते दारावर लावणे सक्तीचे आहे, इंग्लंडमध्ये नाही. म्हणून इंग्लंडमध्ये दारावर हिरवे-काळे स्टिकर दिसले नाही तर घरीच तपासून जावे. हे गुण स्वच्छतेचे असतात, चवीशी त्यांचा संबंध नाही.

जागा मात्र प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय कळत नाही. एखाद्या दुपारी एकट्याने जाऊन कॉफी घ्यावी आणि स्वच्छतागृह कुठे आहे ते पाहून यावे. व्हिक्टोरियन काळातल्या पबमध्ये ते पुष्कळदा तळघरात असते, जिना अरुंद आणि उभा, आणि गुडघेदुखीच्या माणसाला तो उतरणे म्हणजे जेवणाआधीच शिक्षा. बसायला उंच स्टुले आहेत की पाठ टेकता येईल अशा खुर्च्या, लहान मुलांची खुर्ची आहे का, कुत्र्यांना कोणत्या भागात परवानगी आहे, हेही त्याच फेरीत कळते. फुटबॉलचा सामना, प्रश्नमंजूषा किंवा गाण्याची मैफल असलेली रात्र टाळावी. अशा रात्री आजोबांना ऐकू येत नाही आणि नातवाला झोप येत नाही. २००७ पासून इंग्लंडमध्ये पबच्या आत धूम्रपानाला बंदी असल्याने आतली हवा स्वच्छ असते, मात्र धूम्रपान करणारे मागच्या बागेत जमतात, तेव्हा उन्हाळ्यात बागेतले टेबल घेताना वाऱ्याची दिशा पाहावी.

चालत जाण्याजोगे अंतर असेल तर सोन्याहून पिवळे. गाडी चालवणाऱ्याने प्यायचे नाही हा नियम घरात पाळलाच जातो, पण परतीच्या वाटेवर आईवडिलांना रस्ता ओळखीचा होतो, आणि पुढच्या वेळी ते स्वतःहून तिकडे फिरायला जातात.

पुष्कळ पबमध्ये वेटर टेबलापाशी येत नाही, हे पाहुण्यांना आधीच सांगून ठेवावे, नाहीतर वीस मिनिटे वाट पाहून त्यांना अपमान झाल्यासारखे वाटते. टेबलाचा क्रमांक लक्षात ठेवून काउंटरवर जायचे, तिथेच ऑर्डर आणि पैसे द्यायचे. छापील किमतीत वीस टक्के व्हॅट धरलेलाच असतो, त्यामुळे वडिलांनी सवयीने वर कर मिळवून हिशोब करायची गरज नाही. टेबलावर सेवा असेल तर बिलात बहुधा साडेबारा टक्के सेवाशुल्क जोडलेले असते; ते ऐच्छिक असते आणि सेवा वाईट असल्यास काढायला सांगता येते. ऑक्टोबर २०२४ पासून ही रक्कम पूर्णपणे कर्मचाऱ्यांना देण्याचे बंधन मालकांवर आहे, म्हणून मी ती सहसा काढत नाही.

तिखटाशिवाय ज्यांचे जेवण होत नाही, त्यांच्यासाठी वेस्ट मिडलँड्समधल्या देसी पबचा विचार करावा. पंजाबी कुटुंबांनी चालवलेल्या या पबमध्ये, विशेषतः वेस्ट ब्रॉमिच आणि स्मेदिकच्या परिसरात, बीअरबरोबर तंदुरी ग्रिल आणि पनीर मिळते. आमच्या आईला मात्र तेही मानवले नाही. पंजाबी ग्रेव्ही खायची तर ती पुण्यातच खाईन, असे तिचे म्हणणे. तिने स्वतःचा मार्ग काढला आहे. पर्समध्ये ती लसणाच्या कोरड्या चटणीची एक चिमुकली डबी ठेवते. बाहेरचे पदार्थ आणण्याला पबमध्ये सहसा मनाई असते, म्हणून मी दर वेळी काउंटरवर परवानगी मागतो. आमच्या कोपऱ्यावरच्या पबमधल्या आचाऱ्याने गेल्या वेळी ती चटणी चिप्सवर भुरभुरून चाखली आणि डबी परत देताना ती किती दिवस टिकते ते विचारले.