खान्देशातून कोकण किनारा, तंबू घेऊन एकट्याने: या चुका टाळा

आपल्या जळगाव-धुळ्याकडच्या माणसाला तंबूची सवय लागते ती तोरणमाळला, नाहीतर तापीकाठी. तिथे संध्याकाळी पाणी जिथे दिसतं, सकाळीही तिथेच असतं. याच भरवशावर मी डिकीत तंबू टाकून एकटा कोकणात उतरलो. "काय भो, एकलाच कोठे चालना?" असं विचारणाऱ्या मित्राला ऐटीत हात दाखवला होता. पहिल्याच रात्री घोटाभर पाण्यात उभा राहून खुंट्या चाचपत होतो.

पाणी लांब दिसतंय म्हणून तिथेच तंबू

पौर्णिमा होती. श्रीवर्धनच्या पुढे एका निवांत किनाऱ्यावर सहाच्या सुमारास पोचलो, तर समुद्र पार मागे गेलेला. समोर नुसती सपाट, ओली, घट्ट वाळू. खुंट्या अंगठ्याने दाबल्या तरी आत जात होत्या. रात्री साडेअकराला पाठीखाली गार लागलं. वाटलं, बाटली सांडली. टॉर्च लावला तर चपला तरंगत होत्या.

वाळू ओली आणि घट्ट आहे, म्हणजे पाणी तिथवर येऊन गेलंय, एवढी साधी गोष्ट. सकाळी जाळं निवडत बसलेल्या एका कोळीबाबांनी हिशेब सांगितला, "तिथीची पाऊणपट करा दादा, तेवढ्या वाजता भरती." म्हणजे चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. दिवसा एकदा, रात्री एकदा. रोजची वेळ आदल्या दिवसापेक्षा पाऊण तास-५० मिनिटं पुढे सरकते. आजोबांची पाऊणकी (पाऊणचा पाढा) अशी कामाला येईल असं वाटलं नव्हतं. हिशेब अंदाजाचाच आहे, त्यामुळे अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरावा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा पाणी सगळ्यात वर चढतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, चढउतार कमी. पहिल्यांदा जाणाऱ्याने भिंतीवरच्या कॅलेंडरात अष्टमी बघूनच सुट्टी टाकावी.

जागा निवडताना वाळलेलं शेवाळ, शिंपले आणि प्लॅस्टिकचा कचरा यांची किनाऱ्याला समांतर ओळ शोधा. भरती तिथवर येते. तिच्याही बऱ्यापैकी वर, सुरूच्या बनाच्या कडेला तंबू लावा. माडाखाली मात्र नको. फोटो सुंदर येतो, पण नारळ आणि झावळी सांगून पडत नाहीत. सगळ्यात बरं म्हणजे एखाद्या वाडीवाल्याला विचारून, पैसे देऊन त्याच्या आवारात राहणं. विहिरीचं गोडं पाणी मिळतं आणि तुम्ही रात्री कुठे आहात हे निदान एका माणसाला ठाऊक असतं. एकट्याने फिरताना दुसरी गोष्ट जास्त मोलाची.

कोरड्या वाळूत नेहमीच्या खुंट्या

वर सरकलात की वाळू भुसभुशीत लागते आणि खुंटी वाऱ्याच्या एका झोतात सुटते. कापडी पिशव्यांत वाळू भरा, तोंडाला दोरी बांधा आणि हातभर खोल पुरा. पिशवी नसेल तर जाडसर काटकी आडवी पुरून तिच्या मधोमध दोरी बांधली तरी चालते. खुंट्या घरी ठेवल्या तरी हरकत नाही.

गोधडी आणि कळण्याची भाकरी

आपल्याकडे डिसेंबरात हुडहुडी भरते म्हणून मी गोधडी नेली. किनाऱ्यावर तेवढी थंडी नसतेच, आणि दमट हवेत गोधडी ओलसर झाली ती चार दिवस तशीच राहिली. चादर पुरते. तंबूच्या खिडक्या बंद करून झोपलात तर पहाटे छतावरून थेंब टपकतात. ते दव नसून तुमच्याच श्वासाची वाफ असते. दोन बाजूंनी हवा खेळती ठेवा. गॅसची शेगडी तंबूत पेटवू नका. तिचा विषारी वायू दिसतही नाही, त्याला वासही येत नाही.

भाकऱ्यांना तिसऱ्या दिवशी बुरशी आली. शेंगदाण्याची चटणी टिकली.

विहिरीत पोहता येतं म्हणून समुद्रात

पाठीला डबा बांधून विहिरीत शिकलेलं पोहणं समुद्रात पुरत नाही. विहिरीचं पाणी ओढत नाही. एकटे असाल तर कमरेच्या वर पाण्यात जाऊच नका, ओहोटीत तर नाहीच. ओढ लागलीच तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडत बसू नका, दमाल. आधी किनाऱ्याला समांतर पोहा आणि ओढीतून बाहेर पडल्यावर आत वळा.

गाडीच्या चुका

जळगावहून श्रीवर्धन साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास. ते एका दमात गाठायचं आणि ताम्हिणी घाट अंधारात, पेंगत उतरायचा, हा मूर्खपणा मी केलाय. पुण्याला मुक्काम करा.

पुढे किनाऱ्याने दक्षिणेला जाताना खाड्या आडव्या येतात. बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड इथे गाडीसकट फेरीबोट मिळते. शेवटची बोट कधी सुटते ते सकाळीच विचारा, कारण ती चुकली की खाडीला आतून लांबचा वळसा. रोख पैसे जवळ ठेवा, आणि टाकी अर्धी झाली की पंप दिसेल तिथे भरा.

गाडी वाळूत घालू नका. घातलीच आणि चाक रुतलं, तर ॲक्सिलरेटर दाबू नका, चाक आणखी खोल जातं. चाकापुढची वाळू हाताने काढा, टायरमधली हवा ३२ वरून १८-२० वर आणा, पायपुसणी चाकाखाली सरकवा आणि अगदी हळू बाहेर काढा. डांबरीवर आल्यावर पहिल्याच पंपावर हवा भरा.

फेब्रुवारी ते मे वेळास, आंजर्ल्याच्या बाजूला कासवांची पिल्लं समुद्राकडे निघतात आणि उजेडाने भरकटतात. तिथे किनाऱ्यावर शेकोटी, टॉर्च काहीच नको.

परत आल्यावर गाडी खालून गोड्या पाण्याने धुवून घ्या. तंबूची चेनसुद्धा धुवा, नाहीतर मिठाने जाम होते. वाळवायची चिंता आपल्याला नाही. माझा तंबू गच्चीवर टाकला आणि चहा होईस्तोवर खडखडीत वाळला.