कृत्रिम डोळा बसवताय? या चुका टाळा

मी पुण्यात कृत्रिम डोळे बनवते. डोळा काढायचं ऑपरेशन सर्जन करतात आणि जखम भरली की पेशंट माझ्याकडे येतो. डोळा कशाने गेला याची कारणं वेगवेगळी असतात. शेतात उसाचं पातं किंवा तुरीची काडी लागून बुरशीचा अल्सर होतो, दिवाळीत फटाका उडतो, छिन्नी मारताना लोखंडाचा कण उडतो, विटी लागते. नंतर होणाऱ्या चुका मात्र वर्षानुवर्षं त्याच आहेत. त्यातल्या काहींसाठी पुन्हा ऑपरेशन टेबलवर जावं लागतं, म्हणून हे लिहिते आहे.

कन्फॉर्मर पडलं आणि डबीत ठेवलं

नुकसान सगळ्यात जास्त करणारी चूक ही आहे. डोळा काढताना कधी पूर्ण गोळा काढतात, तर कधी आतला भाग काढून पांढरं आवरण राखतात. मग रिकाम्या जागेत साधारण 18 ते 22 मिलिमीटरचं गोल इम्प्लांट बसवून त्यावर पडदा शिवतात. शेवटी पापण्यांच्या मागे पारदर्शक प्लॅस्टिकची एक पातळ वक्र चकती ठेवतात. तिला एक-दोन भोकं असतात. हेच कन्फॉर्मर. दिसायला ते काहीच नसतं, त्यामुळे लोकांना त्याची किंमत वाटत नाही. पण वरच्या आणि खालच्या पापणीमागे ज्या खाचा असतात त्या मोकळ्या ठेवायचं काम तेच करतं. उद्याचा कृत्रिम डोळा याच खाचांच्या आधाराने बसणार असतो. चकती नसली की जखमेचे ओले पृष्ठभाग एकमेकांना टेकतात, चिकटतात, आणि खोबण आक्रसते.

बार्शीकडचे एक शेतकरी माझ्याकडे आले होते. तुरीच्या काडीने डोळा गेला होता, ऑपरेशन नीट झालं होतं. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, "ताई, पोरीचं लग्न आठ दिसांवर आलंय. तेवढा डोळा बसवून द्या, फोटोत नीट दिसलं पाह्यजे." मी खालची पापणी ओढून पाहिली, तर खाच जवळजवळ सपाट झालेली.

"काका, आत एक प्लॅस्टिकची चकती होती, ती कुठाय?"

"ती व्हय? ती पंधरा दिसांनी तोंड धुताना पडली. जपून ठेवलीय की." त्यांनी खिशातून चुन्याची रिकामी डबी काढली. आत फडक्यात गुंडाळलेलं कन्फॉर्मर होतं, आणि त्याच्या भोकाच्या कडेला पांढरा चुना वाळून बसला होता. ते पडल्याला तेव्हा पाच महिने होऊन गेले होते. पडल्यावर ते गावातल्या दवाखान्यात गेलेही होते. तिथे सांगितलं होतं, "राहू द्या, नंतर डोळाच बसवायचाय ना."

त्या खोबणीत डोळा ठेवला असता तर पहिल्याच शिंकेला बाहेर आला असता. त्यांना परत सर्जनकडे पाठवावं लागलं. ओठाच्या आतलं अस्तर काढून खोबणीत लावलं, खाच नव्याने तयार केली. मग पुन्हा कन्फॉर्मर, पुन्हा वाट पाहणं. लग्नात काकांनी काळा चष्मा घातला. डोळा बसला तो पुढच्या हंगामात, आणि तरीही त्या बाजूची पापणी दुसरीइतकी उघडत नाही. हे सगळं टळलं असतं. चकती पडली त्याच दिवशी कुणी ती धुऊन परत सरकवली असती तर पुरे होतं.

म्हणून माझं सांगणं असतं की डिस्चार्ज मिळायच्या आधी घरातल्या एकाने सिस्टरकडून कन्फॉर्मर घालायला शिकून घ्यावं. ते पडलं तर हात धुवा, ते सौम्य साबणाने धुवा, उकळून गार केलेल्या पाण्यातून काढा. वरची पापणी उचलून आधी वरची कड आत सरकवा, मग खालची पापणी खाली ओढा, कड आत बसते. जमलं नाही तर त्याच दिवशी ऑपरेशन झालेल्या दवाखान्यात जा. "पुढच्या तारखेला दाखवू" असं करू नका. चुन्याच्या, तंबाखूच्या, कुंकवाच्या डबीचा तर विचारही नको.

आणि उलटी घाईही नको. सूज उतरून खोबण स्थिर व्हायला साधारण दीड ते दोन महिने लागतात. लग्न आहे, इंटरव्ह्यू आहे म्हणून तिसऱ्या आठवड्यात डोळा करून मागणारे लोक येतात आणि तो करून देणारेही सापडतात. सूज ओसरली की तोच डोळा सैल होतो, आत गेल्यासारखा दिसतो, आणि पैसे दुसऱ्यांदा मोजावे लागतात.

दहा मिनिटांत मिळणारा डोळा

तयार डोळ्यांची पेटी उघडायची, त्यातला त्यातल्या त्यात जुळणारा उचलायचा आणि बसवायचा, ही पद्धत अजून चालते. मला ती अजिबात मान्य नाही. कृत्रिम डोळा म्हणजे गोटी नव्हे. तो करवंटीच्या छोट्या तुकड्यासारखा वक्र असतो आणि त्याची मागची बाजू तुमच्याच खोबणीच्या चढउतारांवर टेकायला हवी. तयार डोळा काही ठिकाणी रुततो, काही ठिकाणी त्याच्यामागे पोकळी राहते. त्या पोकळीत अश्रू आणि स्राव साचतो. मग रोज चिपडं येतात, वास येतो, आणि पेशंट समजतो की कृत्रिम डोळा म्हटलं की हे असंच असतं. ते असंच नसतं.

मापाचा डोळा करायचा तर आधी खोबणीचा ठसा घ्यावा लागतो. दातांच्या ठशाला वापरतात तेच अल्जिनेट यासाठी चालतं. त्यावरून मेणाचा डोळा करून आत घालून पाहायचा, पापणी किती उघडते, नजर कुठे जाते ते तपासत मेण खरवडायचं, वाढवायचं. मग तो पांढऱ्या अ‍ॅक्रिलिकमध्ये उतरवायचा, बुबुळ रंगवायचं, शिरांसाठी लाल रेशमाचे धागे चिकटवायचे, वर पारदर्शक थर द्यायचा आणि पॉलिश करायचं. दोन-तीन वेळा यावं लागतं. एसटीने लांबून येणाऱ्याला ते जड जातं, हे मला कळतं. पण हा डोळा रात्रंदिवस अंगात राहणार आहे, पाचेक वर्षं. खासगीत परवडत नसेल तर दंत महाविद्यालयाच्या प्रोस्थोडॉन्टिक्स विभागात, म्हणजे जिथे कवळ्या बनवतात तिथे, चौकशी करा. दातांच्या कॉलेजात डोळे बनतात हे पुष्कळांना माहीत नसतं. तिथे हे काम मापानेच करतात.

आणि "काचेचा डोळा" मागू नका. पूर्वी चांगले डोळे जर्मनीतून, विशेषतः थुरिंगियातल्या लाउशा गावच्या काचकामगारांकडून येत. दुसऱ्या महायुद्धात तो पुरवठा तुटला तेव्हा अमेरिकी लष्करातल्या दंततंत्रज्ञांनी कवळीच्या अ‍ॅक्रिलिकपासून डोळे घडवले. आज भारतात बनणारे डोळे त्याच वाटेने आलेले आहेत. पडले तरी सहसा फुटत नाहीत, घासून-भरून दुरुस्त करता येतात.

"पांढरा शुभ्र करा"

बुबुळ रंगवताना पेशंटला मी खिडकीशी, दिवसाच्या उजेडात बसवते. मोबाइलवरचा फोटो रंगासाठी उपयोगाचा नाही. नुसता काळा डोळा असतोच कुठे? आपल्याकडचं बुबुळ जवळून पाहिलं तर कडेला गडद, मध्ये तपकिरी आणि बाहुलीभोवती थोडं मधाळ दिसतं. वय झालेल्यांच्या कडेला राखाडी कडं असतं, तेही काढावं लागतं. एवढं जुळवून झालं की नातेवाईक म्हणतात, "पांढरा भाग जरा अजून पांढरा करा ना." उन्हात राबलेल्या माणसाचा पांढरा भाग पिवळसर असतो, कडेला तपकिरी झाक असते. शेजारी शुभ्र डोळा बसवला की समोरच्याची नजर पहिल्यांदा तिथेच जाते. जोडीचा डोळा कसा आहे तेच पाहायचं. आरशात एकटा डोळा निरखू नका, हातभर अंतरावरून पूर्ण चेहरा बघा.

रोज काढून स्पिरिटने पुसणं

ही माझ्या मते दुसऱ्या क्रमांकाची चूक, आणि ती करणारी माणसं बहुधा स्वच्छतेची फार काळजी घेणारी असतात. कॉलेजातली एक मुलगी रोज रात्री डोळा काढायची, स्पिरिटच्या बोळ्याने पुसायची आणि कोरड्या वाटीत ठेवायची. सकाळी परत घालायची. तिची तक्रार होती की डोळा खुपतो, लाल होतो, दुपारपर्यंत चिपडं येतात. डोळा दिव्याखाली तिरपा धरला तर बुबुळावरच्या पारदर्शक थरात केसासारख्या बारीक चिरांचं जाळं पसरलेलं. अल्कोहोल अ‍ॅक्रिलिकला हेच करतं. त्या चिरांत घाण अडकते, पापणीचं आतलं अस्तर दर मिटण्याला त्यावर घासतं, आणि तिथे बारीक पुटकुळ्या उठतात. वरची पापणी उलटून पाहिली तर तिच्या पापणीत त्या खच्चून भरलेल्या होत्या. सर्जनने ड्रॉप दिले, मी नवा डोळा केला, आणि तिला सांगितलं की आता याला उगाच हात लावायचा नाही.

हात जितके जास्त लागतात तितका खोबणीला त्रास जास्त, हे माझं ठाम मत आहे. माझ्या पेशंटना मी महिन्यातून एकदा डोळा काढायला सांगते, त्याशिवाय काही खुपलं तरच. रात्री तो आतच राहू द्यायचा. धुताना बोटाच्या पेराने, बाळाच्या साबणाने आणि कोमट पाण्याने धुवायचा. बेसिनमध्ये आधी नॅपकिन अंथरायचा, म्हणजे हातातून निसटून पाइपात जात नाही. बाहेर ठेवायचाच झाला तर सलाइनमध्ये बुडवून ठेवायचा. कोरडा ठेवला की अश्रूंचा थर त्यावर सुकून घट्ट बसतो.

डेटॉल नको. टूथपेस्ट नको, तिने चरे पडतात. उकळत्या पाण्यात तर मुळीच नको, आकार बिघडतो. काजळ, गुलाबपाणी, मध, तूप यातलं काहीही खोबणीत घालू नका. मेडिकलवाल्याने दिलेले स्टेरॉइडचे ड्रॉप मनाने सुरू करू नका. कोरडं वाटत असेल तर कृत्रिम अश्रूंचे ड्रॉप पुरतात. दुचाकीवर चष्मा घाला, कारण ही पापणी पुष्कळदा पूर्ण मिटत नाही आणि धूळ आत बसते.

डोळा पुसताना पापणी मिटून नाकाच्या दिशेने पुसा. कानाकडे ओढत पुसलं की डोळा फिरतो किंवा निसटतो. डोळा तिरळा दिसायला लागला तर बहुधा तो उलटा घातलेला असतो किंवा आत फिरलेला असतो. घाबरू नका, काढून परत बसवा. नदीत, विहिरीत, समुद्रात पोहताना घट्ट गॉगल लावा, नाहीतर डोळा काढून घरी ठेवा. पाण्यात गेलेला डोळा मिळत नाही.

पॉलिश दरवर्षी करून घ्या. नीट बसलेल्या डोळ्याची लोकांना आठवणच राहत नाही, मग चार-पाच वर्षांनी खुपायला लागला की येतात. पॉलिश म्हणजे एका बैठकीचं काम आहे. स्राव एकदम वाढला, हिरवट झाला, रक्ताचा डाग दिसला, किंवा डोळा काढल्यावर आतल्या गुलाबी पडद्यात पांढरा ठिपका दिसला, तर माझ्याकडे न येता थेट सर्जनकडे जा. आतलं इम्प्लांट उघडं पडत असू शकतं.

"मोठा झाल्यावर बसवू"

लहान मुलांच्या बाबतीत हे वाक्य ऐकलं की मला राहवत नाही. मूल वाढतं तेव्हा डोळ्याभोवतीचं हाड आत काहीतरी भरलेलं असतं म्हणून वाढतं. खोबण रिकामी राहिली तर ती बाजू मागे पडते, चेहरा एका बाजूने चपटा दिसतो, आणि ते मोठेपणी भरून काढणं फार अवघड. जन्मतःच डोळा फार लहान असलेल्या बाळाला तर पहिल्या काही आठवड्यांपासूनच टप्प्याटप्प्याने मोठी होत जाणारी चकती लागते. मूल रडतं, आजी म्हणते "कशाला छळता लेकराला." आजीला शांतपणे समजावा, पण थांबू नका. मुलांचा डोळा मोठ्यांपेक्षा लवकर बदलावा लागतो, तो खर्च आधीच धरून चाला.

रेटिनोब्लास्टोमा या कर्करोगामुळे डोळा काढला असेल तर डोळा बसला म्हणून तपासण्या सोडू नका. दुसरा डोळा तपासत राहावा लागतो, आणि भावंडांचेही डोळे दाखवून घ्या, कारण काही मुलांत हा आजार आनुवंशिक असतो. डोळा छान जुळला की आईबाप एवढे निश्चिंत होतात की पुढची तारीखच विसरतात. माझ्याकडे पॉलिशला आले की मी आधी कर्करोग तपासणीची फाइल मागते, आणि ती बघितल्याशिवाय कामाला लागत नाही.

एक प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरातून येतो: नेत्रदानातला डोळा नाही का बसवता येणार? नाही. नेत्रदानातून दृष्टीसाठी वापरतात ती समोरची पारदर्शक कॉर्निया. 2023 मध्ये न्यूयॉर्कला पूर्ण डोळ्याचं प्रत्यारोपण झालं, पण त्या डोळ्याला दृष्टी आली नाही. कृत्रिम डोळ्यानेही दिसत नाही. तरी "थोडं दिसायला लागेल" असं सांगून पैसे घेणारे भेटतात, त्यांच्यापासून लांब राहा.

आता एकच डोळा काम करतो आहे, तर त्याला जपा. नंबर नसला तरी पॉलिकार्बोनेटचा, म्हणजे सहसा न फुटणाऱ्या प्लॅस्टिकचा चष्मा वापरा, वेल्डिंगजवळ, गवत कापताना, फटाक्यांच्या दिवसांत तर नक्कीच. डोळा फुटण्याची दुखापत झाली असेल आणि नंतर कधीही चांगल्या डोळ्यात लाली, अंधुकपणा किंवा उजेडाचा त्रास सुरू झाला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. जखमी डोळ्यामुळे चांगल्या डोळ्यालाही सूज येणारा एक आजार आहे. तो क्वचित होतो, पण उशीर झाला तर नजर जाऊ शकते.

आणि पाकिटात एक चिठ्ठी ठेवा: कोणता डोळा कृत्रिम आहे, ऑपरेशन कधी आणि कुठे झालं. अपघातात बेशुद्ध माणसाच्या डोळ्यांवर टॉर्च मारून बाहुली आकसते का ते पाहतात. कृत्रिम बाहुली आकसत नाही, आणि मेंदूला मार लागल्याचा संशय येतो. घरच्यांनाही हे सांगून ठेवा, कॅज्युअल्टीत पहिलं वाक्य तेच बोला.