सीएफआय करताय? आधी ग्राउंड इन्स्ट्रक्टर उरकून टाका

अमेरिकेत सीएफआयच्या, म्हणजे विमान उडवायला शिकवणाऱ्या सर्टिफाइड फ्लाइट इन्स्ट्रक्टरच्या, मागे असाल तर आधी एजीआय, म्हणजे जमिनीवर थिअरी शिकवणारा अ‍ॅडव्हान्स्ड ग्राउंड इन्स्ट्रक्टर, करून घ्या. चेकराइड (परीक्षकासमोरची प्रत्यक्ष परीक्षा) नाही, मेडिकल नाही, वय 18 पूर्ण हवं आणि दोन लेखी परीक्षा, एफओआय नि एजीआय, 70 टक्क्यांना पास. एफओआय म्हणजे शिकवायचं कसं याची थिअरी, जरा कंटाळवाणीच आहे, पण ती सीएफआयलाही लागतेच आणि नुसता रिझल्ट 24 महिन्यांत बाद होतो, एजीआयचं सर्टिफिकेट हातात असेल तर मात्र सीएफआयसाठी एफओआय परत द्यावी लागत नाही. एजीआयचा अभ्यास सीएफआयच्या लेखीला बऱ्यापैकी चालतो, ती परीक्षाही अभ्यास ताजा असतानाच देऊन टाका. पास झालात की आयाक्रावर (एफएए या अमेरिकी विमान वाहतूक यंत्रणेची अर्जाची वेबसाइट) अर्ज भरा, एफएसडीओची (एफएएचं स्थानिक ऑफिस) अपॉइंटमेंट घ्या, रिझल्टचे कागद न विसरता न्या. मग प्रायव्हेट-कमर्शियल पायलट लायसन्सवाल्यांना ग्राउंड (थिअरी) शिकवून लेखीची एंडॉर्समेंट, म्हणजे परीक्षेला बसायची सही, देता येते, इन्स्ट्रुमेंट रेटिंगसाठी (उपकरणांच्या आधारे उडवणं) आयजीआय, म्हणजे इन्स्ट्रुमेंट ग्राउंड इन्स्ट्रक्टर, वेगळं.