तलावाचं पाणी विहिरीत किती? आयसोटोपनं मोजताना

पाझर तलावाखालच्या विहिरीला तलावाचं पाणी लागतं की पावसाचं मुरलेलंच, यावर पुरंदरकडच्या गावांत मी तावातावानं भांडणं ऐकली आहेत. याचं उत्तर पाण्यातच असतं. तलाव उन्हानं आटताना हलके रेणू आधी उडतात, ऑक्सिजन-18 (जड ऑक्सिजन) आणि ड्युटेरियम (जड हायड्रोजन) असलेले जड रेणू मागे राहतात. एकाच मूलद्रव्याच्या अशा हलक्या-जड अणूंना आयसोटोप म्हणतात. तेच पाणी खडकात उतरतं. म्हणून नमुने फेब्रुवारी-मार्चमध्ये घ्या, तलावात अजून पाणी असताना.

बाटली छोटी, जाड प्लास्टिकची, घट्ट झाकणाची. त्याच पाण्यानं तीनदा विसळायची, काठोकाठ भरायची, झाकण लावून उलटी धरायची. बुडबुडा दिसला तर पुन्हा भरा. आम्लबिम्ल काही घालायचं नाही. पहिल्या वर्षी मी बारा बाटल्या अर्ध्यामुर्ध्या भरून दोन दिवस जीपच्या काचेखाली उन्हात ठेवल्या. आकडे आले तेव्हा डोंगरातला झरासुद्धा तलावासारखा दिसत होता! सगळी फेरी पुन्हा.

विहिरीच्या काठावरून बादली सोडू नका, वरचा थर उन्हानं बदललेला असतो. मोटर चालू करून पाण्याचं तापमान आणि विद्युत वाहकता स्थिर होईपर्यंत थांबा. पंधरा-वीस मिनिटं सहज जातात. "ताई, निम्मा हौद भरला की!" असं ऐकावं लागतं. ऐका.

हे जड रेणू किती ते मोजणारं लेझर यंत्र आम्ही शाळेच्या एका खोलीत मांडतो. आदल्या रात्री सुरू करायचं, यूपीएसवर. खोलीचं तापमान वरखाली झालं की आकडे सरकतात, म्हणून दार बंद, पोरांना बाहेरच थांबवायचं. गढूळ पाणी आधी गाळून घ्या. प्रत्येक नमुना सुईनं यंत्रात सहा वेळा टोचायचा आणि पहिले तीन आकडे सोडून द्यायचे, कारण यंत्राला आधीचं पाणी आठवत असतं. अधूनमधून आंतरराष्ट्रीय प्रमाणाशी जुळवलेलं ठरावीक पाणी लावत राहा.

आता आलेख. आडव्या अक्षावर ऑक्सिजन-18, उभ्यावर ड्युटेरियम. दोन्ही आकडे म्हणजे समुद्राच्या प्रमाण पाण्यापासूनचा फरक, हजारात किती असा, म्हणून ते उणेही येतात. भूरसायनशास्त्रज्ञ क्रेगनं 1961 मध्ये दाखवलेली पावसाची रेषा आधी काढा: ड्युटेरियम = 8 × ऑक्सिजन-18 + 10. आटलेलं पाणी तिच्या उजवीकडे, खाली घसरतं. त्याच्या बिंदूंच्या रेषेचा चढ 8 नव्हे, साधारण 4 ते 6 असतो. विहिरीचा बिंदू रेषेवरच बसला, तर तलावाचा हिस्सा फारसा नाही.

हिशेब सोपा आहे. समजा, तलावाच्या वरच्या अंगाच्या विहिरीत ऑक्सिजन-18 उणे 3, तलावात अधिक 2, खालच्या विहिरीत उणे 1.5. उणे 3 पासून दीड सरकलं, एकूण अंतर पाच. म्हणजे 30 टक्के तलावाचं. वरच्या अंगाची विहीर मात्र त्याच खडकातली निवडा, नाहीतर हा हिशेब बिनबुडाचा.

ग्रामसभेत आकडा सांगताना नमुन्याची तारीखही सांगा. पावसाळा संपताना तलाव ताज्या पाण्यानं भरलेला असतो, तेव्हा त्याची खूण पुसट होते आणि हाच हिशेब लागत नाही.