घरातलं माणूस गेल्यावर बँक, सातबारा आणि कोर्ट: कोणता कागद कुठं लागतोय

तेरावा झाला की कोणीतरी पाहुणा म्हणतोच, "आता कोर्टातून वारस काढून घ्या बरं का." आणि लोक सरळ वकिलाकडं पळतात. जरा थांबा. आधी एका वहीत लिहून काढा की गेलेल्या माणसाच्या नावावर नेमकं काय काय हाय: शेत, गावठाणातलं घर, बँकेतली एफडी, पोस्टातलं खातं, एलआयसी, साखर कारखान्याचा शेअर, फंड. कारण प्रत्येकाचं ऑफिस वेगळं आणि कागद वेगळा, आणि यातल्या निम्म्या गोष्टींना कोर्टात जायची गरजच नसते.

शेताचंच घ्या. सातबाऱ्यावर वारस लावायला कोर्ट लागत नाही. तलाठ्याकडं (आता पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण गावात तलाठीच म्हणतात) मृत्यू दाखला, सगळ्या वारसांची नावं-नातं-पत्ते लिहिलेलं शपथपत्र आणि आधारच्या झेरॉक्स द्यायच्या, नाहीतर ई-हक्कवर ऑनलाइन अर्ज टाकायचा. गाव नमुना सहा-क मध्ये (तलाठ्याची वारस नोंदवही) वारसाची नोंद होते, फेरफार (सातबाऱ्यावरच्या नावबदलाची नोंद) धरला जातो, १५ दिवसांची नोटीस लागते आणि कोणाची हरकत नसली तर मंडळ अधिकारी मंजूर करतो. कायद्यानं ही खबर तीन महिन्यांत द्यायची असते, आपल्याकडं तीस-तीस वर्षं आज्याचं नाव तसंच पडून असतं, म्हणून तर सरकारला २०२५ मध्ये जिवंत सातबारा मोहीम काढावी लागली. फक्त एक ध्यानात ठेवा, फेरफार मंजूर झाला म्हणजे वाटणीचा निकाल लागला असं नसतंय. भांडण असलं तर त्यासाठी दिवाणी दावाच.

आता बँक. खात्याला नॉमिनी असला तर मृत्यू दाखला आणि फॉर्म भरून पैसे नॉमिनीला मिळतात, सक्सेशन सर्टिफिकेट (पैसे उचलायला कोर्टानं दिलेला वारसाचा कागद) मागायचं कारण नाही. नॉमिनी नसला तरी लगेच कोर्ट नको. रिझर्व्ह बँकेनं २०२५ मध्ये नियम काढलाय की साध्या व्यापारी बँकेत १५ लाखापर्यंत आणि सहकारी बँकेत ५ लाखापर्यंतची रक्कम, मृत्युपत्र नसलं आणि वारसांत वाद नसला तर, हमीपत्र आणि बाकीच्या वारसांच्या संमतीवर द्यायची. काउंटरवरच्या माणसानं "कोर्टाचा आदेश आणा" म्हणलं की तोंडी वाद घालू नका, लेखी अर्ज द्या आणि त्यावर पोच घ्या, पुढचं बोलणं मग वेगळं होतंय.

पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे घरात सगळ्यांना आधीच सांगून ठेवा. सुप्रीम कोर्टानं विम्याबद्दल १९८३ मध्ये आणि शेअरबद्दल डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलंय की नॉमिनी पैसे उचलतो, हक्क वारसांचाच राहतो (विम्याचा कायदा मात्र २०१५ मध्ये बदललाय, नॉमिनी आईबाप, नवरा-बायको किंवा मुलं असली तर त्यात वेगळी तरतूद हाय). थोरल्याचं नाव नॉमिनीत होतं म्हणून सगळं थोरल्याचं, असं नाही.

मृत्युपत्र केलेलं असलं तर लोक लगेच प्रोबेट प्रोबेट (मृत्युपत्र खरं हाय असा कोर्टाचा शिक्का) करायलेत. हिंदूंच्या मृत्युपत्राला प्रोबेटची सक्ती हे मुंबई हायकोर्टाच्या मूळ हद्दीतलं, म्हणजे मुंबई शहरातलं प्रकरण होतं, ती तरतूदही २०२५ मध्ये काढून टाकलीय, आणि मराठवाड्यातल्या शेताघराला ती कधी नव्हतीच. आपल्याकडं मृत्युपत्र दाखवून फेरफाराला अर्ज करता येतो, बाकीच्या वारसांना नोटीस जाते, कोणी हरकत घेतली तर तक्रार नोंद होऊन सुनावणी लागते. मृत्युपत्रावर दोन साक्षीदारांच्या सह्या पाहिजेतच आणि त्यातला निदान एक जण कोर्टात उभा राहायला जिवंत असला तर बरं, रजिस्टर केलेलं नसलं तरी चालतंय.

मग कोर्टात जायचं कधी? रक्कम मोठी हाय, नॉमिनी नाही, किंवा एखादा भाऊ सही द्यायला तयार नाही, तेव्हा. यात दोन कागदांची लोक कायम गल्लत करतात. सक्सेशन सर्टिफिकेट हे १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याखाली, फक्त येणी आणि रोखे यांच्यासाठी, म्हणजे बँकेतला पैसा, शेअर, बाँड असलं. जमिनीसाठी ते नसतंयच. दुसरा वारस दाखला, १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखालचा, ही माणसं गेलेल्याचे वारस हायेत एवढं सांगणारा (१८२७ ला आपण निजामाकडं होतो, पण आता इथल्या कोर्टात तोच चालतोय). त्यात कोर्ट जाहीरनामा काढून हरकतीला एक महिन्याची मुदत देतं. पैसे अडवून बसलेल्या ऑफिसला यातला कोणता पाहिजे ते त्यांच्याकडून लेखी घ्या, मगच अर्ज टाका, नाहीतर एक काढून आणायचा आणि तिथं म्हणायचे दुसरा पाहिजे.

अर्ज कुठं? माणूस शेवटी जिथं कायम राहत होता तिथल्या हद्दीत. दवाखाना कुठं होता याच्याशी संबंध नाही. देगलूर-उदगीरकडची माणसं उपचाराला हैदराबादला जातात, उमरगा-तुळजापूरची सोलापूरला, बाकीची छत्रपती संभाजीनगरच्या घाटीत (सरकारी दवाखाना). कोर्ट गावाकडचंच, पण मृत्यू दाखला मात्र जिथं जीव गेला तिथल्या महापालिकेचा, ग्रामपंचायत तो देऊ शकत नाही. हैदराबादचा दाखला आणायला परत जावं लागू शकतंय, म्हणून बॉडी घेऊन निघतानाच दवाखान्यातून नोंदीचे कागद मागून घ्या, आणि त्यातलं नाव आधारशी जुळतंय का ते तिथंच बघा.

नावाचं तर विचारूच नका. सातबाऱ्यावर गंगाराम, आधारवर गंगाधर, बँकेत जी. के. पाटील. कोर्टात हे सगळे एकच हायेत असं शपथपत्र द्यावं लागतं, सोबत जुनी टीसी, राशन कार्ड, मतदार यादी जे मिळेल ते.

अर्जात मृत्यूची तारीख, राहण्याचं ठिकाण, सगळे जवळचे नातेवाईक आणि त्यांचे पत्ते, तुमचा हक्क कशावरून, आणि पैशांची यादी लागते. यादीत खाते नंबर, शाखा, रक्कम अगदी बँकेच्या पत्रावरून उतरवा, एक आकडा चुकला की सर्टिफिकेट हातात असून बँक परत पाठवते.

नातेवाइकांच्या बाबतीत लपवालपवी करू नका, माझं ऐकाल तर हेच सगळ्यात महत्त्वाचं. हिंदू पुरुष गेला तर बायको, मुलं, मुली आणि त्याची आई, हे सगळे पहिल्या वर्गाचे वारस. म्हातारी आई जिवंत असली तर तिचा हिस्सा हायच, लोक तिला सर्रास विसरतात. बहिणीचं लग्न झालं म्हणून ती वारस नाही हे तर डोक्यातून काढूनच टाका. तिलाच नको असलं, तर ती राजीखुशीनं नाहरकत शपथपत्र देईल, नाव वगळणं हा रस्ता नाही. नंतर ती कोर्टात गेली तर फसवणुकीच्या कारणावर दाखला रद्द होतो. मुस्लिम घरात हिस्से शरियतप्रमाणं पडतात, पण सक्सेशनचा अर्ज याच कायद्याखाली, याच कोर्टात.

अर्ज दाखल झाला की बाकीच्या वारसांना नोटीस जाते, बऱ्याचदा पेपरात जाहीर प्रगटनही द्यावं लागतं. जो भाऊ पुण्याला राहतो त्याचा पत्ता नीट द्या, नोटीस बजावली नाही म्हणून तारखेवर तारीख पडते, निम्मा उशीर त्यातच. ज्यांची संमती हाय त्यांना सरळ कोर्टात हजर करून सही करून घेतली तर लवकर उरकतंय. मग तुमचं शपथपत्रावर म्हणणं, कागद दाखल, आणि आदेश. वारसात अज्ञान मुलं असली तर त्यांचा हिस्सा बऱ्याचदा सज्ञान होईपर्यंत एफडीत ठेवायला कोर्ट सांगतं, त्यावर चिडू नका.

कोर्ट फी रकमेच्या हिशोबानं असते, अर्जासोबत तेवढे पैसे जमा करायचे, त्यातूनच सर्टिफिकेटचा स्टॅम्प येतो, आणि अर्ज नामंजूर झाला तर ते परत मिळतात. वकिलाची फी वेगळी. पण बाईमाणूस अर्जदार असली तर तालुका विधी सेवा समितीकडं जा, बाईला उत्पन्नाची अट न बघता मोफत वकील मिळतो, हे कोर्टाच्या आवारातच असतं आणि कोणी सांगत नाही. तारखा बघायला ई-कोर्ट्स ॲपमध्ये केसचा १६ अक्षर-आकड्यांचा सीएनआर नंबर टाकला की पुढची तारीख दिसते, नुसतं तारीख विचारायला एसटीनं तालुक्याला जायचं काम नाही.

सर्टिफिकेट मिळालं की नक्कल विभागातून चार-पाच प्रमाणित प्रती एकदमच काढा, प्रत्येक बँक एक ठेवून घेते. आणि नंतर ट्रंकेत एखादी एफडीची पावती सापडली, सापडतेच, तर नवा अर्ज करायची गरज नाही, त्याच सर्टिफिकेटात ती वाढवून मागायचा अर्ज त्याच कोर्टात करता येतो, जुना केस नंबर तेवढा जपून ठेवा.