पावडर फेकू नका, मोजून घाला : आपत्तीनंतरच्या या चुका टाळा

पूर ओसरला की रस्त्याच्या कडेला टीसीएलचे, म्हणजे क्लोरीन असलेल्या ब्लीचिंग पावडरचे, पांढरे पट्टे ठरलेले. फोटो छान येतो, बाकी काही होत नाही. चिखलातली घाण ते क्लोरीन तिथल्या तिथे खाऊन टाकते. ती पावडर पिण्याच्या पाण्यात हवी, आणि तीही मोजून.

पण टाकीतही ती मूठमूठच पडते. ताज्या टीसीएलमध्ये साधारण ३० टक्के क्लोरीन असतं. पोतं उघडं राहिलं, ओल लागली की ताकद उतरते. म्हणून गेल्या वर्षीच्या पोत्यावर विसंबून डोस ठरवू नका. आधी १ टक्क्याचं द्रावण करा: २५ टक्के ताकदीची पावडर असेल तर ४० ग्रॅम, पाणी १ लिटर. गुठळ्या मोडा, चुना तळाशी बसू द्या, वरची निवळी घ्या. आता टाकीतल्याच पाण्याने २० लिटरच्या चार प्लास्टिकच्या बादल्या भरा आणि त्यांत अनुक्रमे १, १.५, २ आणि ५ मिली द्रावण घाला. ढवळून ३० मिनिटं थांबा. ज्या बादलीत मुक्त क्लोरीन (घाणीत खर्ची न पडता शिल्लक राहिलेलं) लिटरला ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम उरलं, तो तुमचा डोस. २ मिलीची बादली जमली, तर १०,००० लिटरच्या टाकीला १ लिटर द्रावण. या अर्ध्या तासाला वेळ नसणाऱ्यांना पुढे जुलाबाचा वॉर्ड सांभाळायला आठवडे कुठून मिळतात, कोण जाणे.

पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी, मग निवळणं, मग क्लोरीन. गाळ क्लोरीन खातो आणि जंतूंना आडोसाही देतो. उरलेल्या क्लोरीनची तपासणी टाकीपाशी नको. शेवटच्या नळाला आणि घरात भरून ठेवलेल्या पाण्यात करा. ‘वास येतोय की’ ही तपासणी नव्हे.

दुसरा हट्ट सलाईनचा. जुलाब लागले की प्रत्येकाला बाटली हवी, आणि ती थेंबथेंब सोडली जाते. जुलै १९९४ मध्ये रवांडातून लाखो निर्वासित शेजारच्या झाईरमध्ये (आताचं काँगो) गोमा शहराजवळ येऊन पडले आणि महिनाभरात जवळपास ५०,००० माणसं दगावली, बहुतेक कॉलरा आणि इतर जुलाबांनी. बांगलादेशातून तिथे गेलेल्या कॉलरातज्ज्ञांनी उपचार केंद्रांतल्या चुका नोंदवल्या: सलाईन फार हळू सोडलं, तेही चुकीचं, ओआरएस (तोंडाने द्यायचं क्षार-साखरेचं पाणी) पुरेसं पाजलं नाही, आणि कर्मचाऱ्यांना कॉलऱ्याचा अनुभव तोकडा.

पाणी पार आटलेल्या ६० किलोच्या माणसाला रिंगर लॅक्टेट हे क्षारांचं सलाईन ३ तासांत ६ लिटर लागतं, त्यातलं १.८ लिटर पहिल्या अर्ध्या तासात. ५ टक्के डेक्स्ट्रोज (नुसत्या साखरेचं सलाईन) लावू नका, त्यात क्षारच नाहीत. बाकी बहुतेकांचं ओआरएसवर भागतं. १ लिटरचं पाकीट १ लिटर पाण्यातच. पेल्यात अंदाजाने चिमूटभर नको. उलटी झाली तर १० मिनिटं थांबून पुन्हा चमच्या-चमच्याने पाजा. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच केलं आणि मृत्यूंचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आलं.

मृतदेह पुरण्याची घाई करू नका. बुडून किंवा ढिगाऱ्याखाली गेलेल्यांमुळे साथ पसरत नाही. ओळख न पटवता पुरलं तर घरचे आयुष्यभर शोधत राहतात. कॉलरा, इबोलाने गेलेल्यांची गोष्ट वेगळी.

दूध पावडर सरसकट वाटू नका. इंडोनेशियातल्या २००६ च्या योग्याकार्ता भूकंपानंतर दानाची पावडर मिळालेल्या लहान मुलांत जुलाबाचं प्रमाण ती न मिळालेल्यांच्या दुपटीहून जास्त आढळलं.

गोवराची लस ‘सगळं स्थिरावल्यावर’ नको. छावणी उभी राहताच ६ महिने ते १५ वर्षांच्या मुलांना द्या, सोबत अ जीवनसत्त्व.

संडास सुरुवातीला ५० माणसांमागे एक, लवकरच २० मागे एक, आणि विहिरीपासून ३० मीटर लांब. दाराला आतून कडी आणि वाटेवर दिवा नसेल, तर रात्री बायका तिकडे फिरकत नाहीत. हिशेबात संडास दिसतात आणि लोक उघड्यावरच बसतात.