ब्रिटनमधल्या खासगी नंबरप्लेटची किंमत कशी काढावी

खासगी नंबरप्लेट म्हणजे हौसेने विकत घेऊन गाडीला लावलेला आवडीचा नंबर. आधी तो कुठल्या पद्धतीचा आहे ते ठरवा. १९६३ आधीचे नंबर सालाचं अक्षर (गाडी कुठल्या साली नोंदली ते सांगणारं) नसलेले, म्हणून सर्वांत महाग. त्यातही एक अक्षर-एक आकडा म्हणजे सोनंच. १९६३–८३ मध्ये सालाचं अक्षर शेवटी, १९८३–२००१ मध्ये सुरुवातीला. उत्तर आयर्लंडच्या नंबरांत आय किंवा झेड असतं. सालही कळत नाही, पण ते बरेच स्वस्त मिळतात.

मग नाव वाचून बघा. 'आर ४ जेएएन' हा 'राजन' म्हणून सहज वाचता येतो, कारण ४ हा 'ए'सारखा दिसतो. मात्र ५ ला 'एस' आणि ८ ला 'बी' मानून ओढूनताणून जुळवलेल्या नावाला गिऱ्हाईक कमी. अक्षरांतली मोकळी जागा सरकवून नाव जुळत असेल तर ती किंमत धरूच नका: तशी प्लेट बेकायदा, दंड १,००० पौंडांपर्यंत.

गाडी खरी आहे त्यापेक्षा नवी दिसेल असा नंबर लावता येत नाही. 'आर'ने सुरू होणारा नंबर ऑगस्ट १९९७ पासूनचा, त्याआधीच्या गाडीला तो चालत नाही.

तुलना करताना विक्रेत्याने मागितलेली रक्कम बघू नका, ती फुगवलेली असते. डीव्हीएलएच्या (ब्रिटनच्या सरकारी वाहन-नोंदणी संस्थेच्या) लिलावांत तशाच नंबराला प्रत्यक्ष काय मिळालं ते पाहा. २०१४ मध्ये '२५ ओ' पाच लाख पौंडांवर गेला, पण तो अपवाद. लिलावातल्या बोलीवर व्हॅट, कमिशन आणि ८० पौंड शुल्क चढतं, हे विसरलात तर हिशेब चुकतो.